ऑर्केस्ट्रा आणि कोरसची जुनी एलपी : निवडावी कशी, तपासावी कशी, ऐकावी कशी

जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात एका प्रकारची एलपी हमखास सापडते. कव्हरवर हसतमुख तरुणीचे छायाचित्र असते, वर ठळक अक्षरांत वाद्यवृंदप्रमुखाचे नाव, त्याखाली ‘ऑर्केस्ट्रा अँड कोरस’ हे शब्द आणि मागच्या बाजूला अमेरिका, फ्रान्स, मेक्सिको, जर्मनी अशा देशोदेशींच्या लोकप्रिय गाण्यांची यादी असते. ‘ईझी लिसनिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगीताकडे मुरलेले संग्राहक सहसा वळत नाहीत आणि दुकानदार ते कोपऱ्यात रचून ठेवतो. नवखा माणूस कव्हर आवडले म्हणून एखादी रेकॉर्ड उचलतो, घरी मिळेल त्या प्लेअरवर लावतो, खरखरीतून येणारा चिरका कोरस ऐकतो आणि हे संगीतच सुमार असावे असा निष्कर्ष काढतो.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. या संगीताचा जीव त्याच्या मांडणीत आहे. कोणता मानवी आवाज कोणत्या वाद्याला जोडला आहे आणि ती जोडी डावीकडून येते की उजवीकडून, यावर सगळे अवलंबून असते. झिजलेल्या प्रतीवर, चुकीच्या सुईखाली किंवा एकाच स्पीकरवर ही मांडणी ऐकूच येत नाही. म्हणून पहिली एलपी घेण्यापूर्वी काय पाहावे, घेतल्यावर काय करावे आणि ऐकताना कान कुठे द्यावा, हे मी येथे क्रमाने लिहीत आहे. उदाहरण म्हणून अमेरिकन अरेंजर (संगीत संयोजक) रे कॉनिफ यांचे अल्बम घेतले आहेत, कारण ऑर्केस्ट्रा आणि कोरस यांचा मिलाफ त्यांच्याइतका नेमकेपणाने फार थोड्यांनी साधला आणि त्यांच्या प्रती आजही सहज मिळतात.

जवळ काय असावे

- वजन कमी-जास्त करता येईल असा टोनआर्म (सुई धरणारा दांडा) असलेला टर्नटेबल आणि त्याला स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग)
- फोनो इनपुट असलेला ॲम्प्लिफायर, किंवा वेगळा फोनो प्रीॲम्प
- एकमेकांपासून दूर ठेवता येतील असे दोन स्वतंत्र स्पीकर. जागा नसेल तर चांगला हेडफोन
- सुईचे वजन मोजण्याचा छोटा काटा
- कार्बन फायबरचा ब्रश, डिस्टिल्ड वॉटर आणि दोन-तीन मऊ मायक्रोफायबर कापड
- नवी आतली पाकिटे, शक्यतो अँटिस्टॅटिक
- लहान टॉर्च आणि भिंग, कारण लेबलवरील बारीक अक्षरे आणि खाचांमधले ओरखडे त्याशिवाय दिसत नाहीत
- ऑनलाइन खरेदी असेल तर विक्रेत्याकडून मागवलेली दोन्ही लेबलांची आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे. ती पावतीसोबत जपून ठेवावीत

१. आधी हे संगीत ओळखा

रे कॉनिफ यांचा जन्म १९१६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अ‍ॅटलबरो येथे झाला. ते मूळचे ट्रॉम्बोनवादक. बनी बेरिगन, बॉब क्रॉसबी आणि आर्टी शॉ यांच्या बँडमध्ये त्यांनी वादन केले, हॅरी जेम्स यांच्यासाठी संगीत संयोजन केले आणि १९५० च्या दशकात मिच मिलर यांनी त्यांना कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये घेतले. तेथे जॉनी मॅथिस, गाय मिशेल, मार्टी रॉबिन्स अशा गायकांच्या गाण्यांचे संयोजन करताना त्यांची स्वतःची शैली घडली आणि १९५६ साली ‘स वंडरफुल’ हा त्यांच्या नावाचा पहिला अल्बम निघाला.

त्यांची कल्पना ऐकायला साधी वाटते. स्त्रियांचे आवाज आणि ट्रम्पेट, क्लॅरिनेट किंवा वरच्या पट्टीतला सॅक्सोफोन यांना एकच सुरावट द्यायची. पुरुषांचे आवाज ट्रॉम्बोन आणि खालच्या पट्टीतल्या वाद्यांना जोडायचे. गाण्याला शब्द द्यायचेच नाहीत. कोरसने ‘दा दा’, ‘बा बा’ अशी अक्षरे वाद्याच्या फुंकरीबरोबर उच्चारायची. याचा परिणाम असा होतो की ऐकणाऱ्याला ट्रम्पेट कुठे संपला आणि गळा कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. पितळी वाद्याची धार आवाजाने मवाळ होते आणि आवाजाला वाद्याचा ठाशीवपणा येतो. खाली गिटार, बास आणि ड्रम यांचा ताल अखंड चालू असतो, त्यामुळे गोड चाल असूनही गाणे रेंगाळत नाही. हे साधायला गायक आणि वादक यांची अक्षराची सुरुवात आणि शेवट क्षणभरही मागेपुढे होऊन चालत नाही.

१९५९ सालच्या ‘इट्स द टॉक ऑफ द टाउन’ या अल्बमपासून ‘रे कॉनिफ सिंगर्स’ हा १२ स्त्रिया आणि १३ पुरुषांचा समूह शब्दांसह गाऊ लागला. म्हणजे त्यांच्या रेकॉर्डींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटाच्या कव्हरवर ‘ऑर्केस्ट्रा अँड कोरस’ असते आणि तेथे कोरस वाद्यासारखा वापरलेला असतो. दुसऱ्या गटाच्या कव्हरवर ‘सिंगर्स’ असते आणि तेथे गाणी शब्दांसह गायलेली असतात. पहिल्या गटाच्या अपेक्षेने दुसऱ्यातली रेकॉर्ड घेतली तर हिरमोड होतो, म्हणून कव्हरवरील ओळ नीट वाचावी.

या शेजारची काही नावेही माहीत असावीत, कारण दुकानात हे सगळे एकाच खोक्यात असतात. मूळचे व्हेनिसचे आणि इंग्लंडमध्ये कारकीर्द केलेले मांतोवानी हे तंतुवाद्यांचे. १९५१ सालच्या ‘शारमेन’मधला व्हायोलिनचा झरणारा आवाज रोनाल्ड बिंज यांच्या संयोजनातून आला. फ्रान्सचे पॉल मोरिआ यांची ‘लव्ह इज ब्लू’ ही आंद्रे पॉप यांची चाल १९६८ साली अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. हॅम्बुर्गचे बर्ट केम्पफर्ट आणि ब्रेमेनचे जेम्स लास्ट हे जर्मनीचे. यांपैकी कोणीही ऐकावे, परंतु कोरस हा वाद्यवृंदाचा अवयव म्हणून ऐकायचा असेल तर सुरुवात कॉनिफ यांच्यापासूनच करावी.

२. पहिला अल्बम ठरवा

कॉनिफ यांच्या नावावर कितीतरी अल्बम आहेत आणि १९५७ ते १९६८ या काळात त्यांतले २८ अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या चाळिसांत गेले होते. याचा खरेदीदाराला फायदा असा की प्रती विपुल आहेत आणि दुर्मिळतेच्या नावाखाली जास्त पैसे मागणाऱ्याला निःशंकपणे नकार देता येतो.

शब्दांविना कोरस ऐकायचा असेल तर १९६० सालचा ‘से इट विथ म्युझिक’ घ्यावा. कॉन्सुएलो वेलास्केस या मेक्सिकन संगीतकार स्त्रीचे ‘बेसामे मूचो’ त्यात आहे. शब्द काढून टाकल्यावरही चाल किती भक्कमपणे उभी राहते, हे त्यातून समजते. पाश्चात्त्य अभिजात संगीताची थोडी ओळख असेल तर चायकोव्स्की आणि इतरांच्या चाली नृत्याच्या ठेक्यावर बसवलेला १९५८ सालचा ‘कॉन्सर्ट इन रिदम’ चांगला. शब्दांसह गाणी हवी असतील तर १९६६ सालचा ‘समव्हेअर माय लव्ह’. त्याचे शीर्षकगीत म्हणजे मॉरिस जार यांनी ‘डॉक्टर झिवागो’ चित्रपटासाठी केलेली वॉल्ट्झची चाल. तिला पॉल फ्रान्सिस वेब्स्टर यांनी शब्द दिले. कॉनिफ यांचे हे गाणे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेले आणि समूहगायनासाठीचा ग्रॅमी पुरस्कारही त्याला मिळाला.

‘सर्वोत्कृष्ट गाणी’ छापाचे नंतरचे संकलन पहिल्या खरेदीसाठी घेऊ नये. त्यात वेगवेगळ्या वर्षांची ध्वनिमुद्रणे एकत्र केलेली असतात, एका बाजूवर जास्त गाणी कोंबल्यामुळे आवाजाची पातळी उतरते आणि एका अल्बमभर पसरलेली संयोजनाची एकसंध योजना हाती लागत नाही.

३. लेबल आणि क्रमांक वाचायला शिका

या पायरीवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून येथे घाई करू नये.

पहिला गोंधळ ‘कोलंबिया’ या नावाचा. कॉनिफ यांची कंपनी अमेरिकेतील कोलंबिया रेकॉर्ड्स. परंतु उत्तर अमेरिकेबाहेर बहुतेक देशांत ‘कोलंबिया’ या नावाचा हक्क ईएमआय या ब्रिटिश समूहाकडे होता. आपल्याकडच्या जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या रेकॉर्डींवर दिसणारे ‘कोलंबिया’ हे ईएमआयचे आहे आणि कॉनिफ यांच्या कंपनीशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच अमेरिकेबाहेर छापलेल्या कॉनिफ यांच्या प्रतींवर आधी फिलिप्सचे आणि १९६० च्या दशकात ‘सीबीएस’ हे लेबल आले. भारतात मिळणाऱ्या बहुतेक प्रतीही सीबीएस लेबलच्याच असतात. ते लेबल पाहून ‘ही नक्कल आहे’ असे समजू नये, आणि दुकानदाराने ‘कोलंबिया’ असे सांगितले म्हणून ती अमेरिकन प्रत आहे असेही धरून चालू नये.

दुसरा गोंधळ मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) आणि स्टिरिओ (डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांचा आवाज) यांचा. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ साली आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे एकच अल्बम दोन्ही प्रकारांत निघत असे. अमेरिकन प्रतीवर मोनोसाठी ‘सीएल’ आणि स्टिरिओसाठी ‘सीएस’ ही आद्याक्षरे असतात. ‘समव्हेअर माय लव्ह’चा मोनो क्रमांक सीएल २५१९ आणि स्टिरिओ क्रमांक सीएस ९३१९ आहे. कॉनिफ यांच्या बाबतीत स्टिरिओच घ्यावी, कारण त्यांनी दोन वाहिन्यांचा वापर मुद्दाम रचनेचा भाग म्हणून केला. सुरुवातीच्या अल्बमना, विशेषतः १९५६-५७ सालच्या, हा नियम लावू नये. तेथे मूळ मोनो प्रतच विश्वासाची. मोनो ध्वनिमुद्रणावर नंतर प्रक्रिया करून कृत्रिम स्टिरिओ बनवल्याचा उल्लेख कव्हरवर बारीक अक्षरांत असेल, तर ती प्रत टाळावी. त्यात आवाज पोकळ होतो.

तिसरी गोष्ट, कव्हर आणि आतली रेकॉर्ड एकाच प्रतीची असतील असे नाही. घरोघरी ऐकून परत ठेवताना अदलाबदल झालेली असते. रेकॉर्ड बाहेर काढून लेबलवरचा क्रमांक कव्हरशी ताडून पाहावा. त्यानंतर तबकडी उजेडाकडे तिरकी धरून शेवटचे गाणे आणि लेबल यांच्यामधला गुळगुळीत पट्टा पाहावा. अमेरिकन कोलंबियाच्या प्रतीवर तेथे क्रमांक ठोकलेला असतो आणि त्याची सुरुवात मोनो असेल तर ‘एक्सएलपी’ने, स्टिरिओ असेल तर ‘एक्सएसएम’ने होते. हा प्रत्यक्ष साच्याचा क्रमांक असल्यामुळे कव्हर आणि लेबल यांच्यापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवावा.

४. कुठे शोधावी

मुंबईत चोर बाजारातील मटण स्ट्रीट आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही नेहमीची ठिकाणे. काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले; नव्या आयात रेकॉर्डींसाठी आता बहुतेकांना ऑनलाइन दुकानांकडेच वळावे लागते. परंतु या विशिष्ट संगीतासाठी माझा अनुभव असा की सर्वांत चांगल्या प्रती बाजारात येण्यापूर्वी घरांतूनच मिळतात. गोव्यातील आणि वांद्रे-वसईकडील ख्रिस्ती घरांत, रेल्वे, बँका आणि जहाजांवर नोकरी केलेल्या मंडळींच्या कपाटांत हे अल्बम असतात, आणि नाताळात काढले जाणारे ‘ख्रिसमस विथ कॉनिफ’ तर हमखास. अशा घरांत रेकॉर्ड कोणत्या प्लेअरवर वाजत होती हेही विचारता येते, आणि ते उत्तर कोणत्याही प्रतवारीपेक्षा मोलाचे असते.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हे काम फार सोपे आहे. तेथील धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत कॉनिफ आणि जेम्स लास्ट यांच्या एलपी अगदी किरकोळ किमतीला मिळतात. भारतात येताना सामानात आणायच्या असतील तर त्या हातातल्या बॅगेत उभ्या ठेवाव्यात. टपालाने मागवणार असाल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून एकूण किंमत आधी काढावी. या अल्बमसाठी तो खर्च बहुधा परवडत नाही.

ऑनलाइन विक्रीतील प्रतवारीचे शब्द फसवे असतात. तेथे ‘गुड’ म्हणजे भरपूर वाजलेली आणि खरखर करणारी प्रत. ‘व्हेरी गुड’मध्येही शांत जागी खरखर ऐकू येते. ‘व्हेरी गुड प्लस’ किंवा त्यावरचीच प्रत घ्यावी.

५. पैसे देण्यापूर्वी तपासा

शक्य असेल तर रेकॉर्ड दुकानाबाहेर उन्हात न्यावी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काळी तबकडी चमकते आणि चांगली वाटते. सूर्यप्रकाशात तिरकी धरली की खरे दिसते. केसासारखे बारीक, वरवरचे ओरखडे फारसे त्रास देत नाहीत. नख हलकेच फिरवल्यावर जाणवणारा ओरखडा मात्र प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक’ करणार. खाचा करड्या, निस्तेज दिसत असतील तर ती रेकॉर्ड जड सुईखाली झिजली आहे आणि धुऊन काही उपयोग होणार नाही.

मधल्या भोकाभोवती लेबलवर पुसट रेघांचे जाळे दिसते. रेकॉर्ड लावताना खुंटी शोधत फिरवल्याच्या त्या खुणा आहेत आणि रेकॉर्ड किती वेळा वाजली याचा तो प्रामाणिक हिशेब आहे. तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून ती वाकलेली आहे का, हेही पाहावे. पांढुरके, गोल ठिपके म्हणजे बुरशी. ती बऱ्याचदा निघते, परंतु ती रेकॉर्ड धुण्यापूर्वी घरातील इतर रेकॉर्डींच्या शेजारी ठेवू नये.

कोरसच्या रेकॉर्डींना आणखी एक कसोटी लावावी लागते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो आणि लेबलजवळ तो सुमारे २१ वर येतो. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो, आणि एकत्र आलेले स्त्रीस्वर आणि ट्रम्पेट हे तिथे झिजेचे पहिले बळी ठरतात. दुकानात वाजवून पाहता येत असेल तर पहिले गाणे ऐकण्यात वेळ घालवू नये. सुई प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यावर ठेवायला सांगावी. तेथे ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे फाटून येत असतील, किंवा कोरस चढताना आवाज चिरत असेल, तर रेकॉर्ड कितीही चकचकीत दिसली तरी परत द्यावी.

६. प्लेअर आणि सुई

घरातला आजोबांच्या वेळचा प्लेअर वापरण्याचा मोह आवरावा, निदान आधी त्याची सुई तपासावी. अशा अनेक प्लेअरच्या कार्ट्रिजला एक खटका असतो. तो एका बाजूला केला की ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्डची सुई खाली येते आणि दुसऱ्या बाजूला केला की एलपीची. ७८ ची सुई एलपीच्या सुईपेक्षा साधारण तिप्पट जाड असते आणि चुकून तीच ठेवली तर एलपीची खाच एका वादनात कायमची बिघडते. एकावर एक रेकॉर्डी रचून आपोआप टाकणारा चेंजर असेल तर ती सोय वापरू नये.

पेटीसारखे दिसणारे नवे स्वस्त प्लेअरही या संगीताला योग्य नाहीत. त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज जड असते आणि दोन स्पीकर एकाच खोक्यात वीतभर अंतरावर असल्यामुळे स्टिरिओचा अनुभव येत नाही. साधी मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज घ्यावी, सुईचे वजन तिच्या माहितीपत्रकात दिलेले असते तेच काट्यावर मोजून ठेवावे. बहुतेकांना ते १.५ ते २.५ ग्रॅमच्या दरम्यान लागते. वजन कमी ठेवले की रेकॉर्ड जास्त टिकते, ही समजूत घातक आहे: हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी उडते आणि खाचेच्या भिंतीवर आपटते. डायमंडची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. जुन्या प्लेअरबरोबर आलेल्या सुईचे तास कोणालाच माहीत नसतात, म्हणून ती आधी बदलावी.

टर्नटेबलची वायर ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ या जागीच जोडावी. एलपी कोरताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर जास्त केलेले असतात. फोनो विभाग ते उलटे करून मूळपदावर आणतो. ‘ऑक्स’मध्ये जोडल्यास आवाज क्षीण आणि नुसता किरटा येतो.

७. धुणे

कोरडी धूळ कार्बन फायबरच्या ब्रशने, रेकॉर्ड फिरत असताना हलकेच टेकवून काढावी. एवढ्याने भागत नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाचा एक थेंब घालून, लेबल कोरडे राखून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसावे आणि नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा पुसून साबण पूर्ण काढावा. बुरशी असेल तर तीन भाग पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. हे मिश्रण ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डवर मात्र कधीही वापरू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. नळाचे पाणी वापरू नये. त्यातले क्षार वाळून खाचांत बसतात आणि नवी खरखर तयार होते.

वाळवताना रेकॉर्ड सावलीत उभी ठेवावी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नये. जुने आतले पाकीट परत वापरण्यात अर्थ नाही. त्यातच धूळ आणि बुरशीचे बीज असते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपाटाचे दार अधूनमधून उघडे ठेवावे आणि रेकॉर्डी कधीही आडव्या रचू नयेत.

८. ऐकण्याची रीत

स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण होईल असे बसावे. पहिल्यांदा पूर्ण बाजू न थांबता ऐकावी. दुसऱ्यांदा ॲम्प्लिफायरचा ‘बॅलन्स’ पूर्ण डावीकडे करून एक गाणे ऐकावे आणि मग तेच पूर्ण उजवीकडे करून. कॉनिफ यांच्या अनेक स्टिरिओ अल्बममध्ये स्त्रियांचे आवाज आणि ट्रम्पेट एका बाजूला, पुरुषांचे आवाज आणि ट्रॉम्बोन दुसऱ्या बाजूला ठेवलेले आढळतील. एक बाजू एकटी ऐकली की कळते, ज्याला आपण सुरेल गोंगाट समजत होतो त्यात प्रत्येक गटाला स्वतंत्र, पूर्ण वाक्ये दिलेली आहेत; एक गट बोलतो, दुसरा उत्तर देतो आणि कडव्याच्या शेवटी दोघे एकत्र येतात. बॅलन्स पुन्हा मध्यावर आणल्यावर तेच गाणे निराळे ऐकू येते.

तिसऱ्यांदा फक्त अक्षरांकडे लक्ष द्यावे. ट्रम्पेटवादक सूर तोडतो त्याच क्षणी कोरसचे ‘दा’ तुटते का, लांब सुरावर वाद्य थरथरते तेव्हा आवाज सरळ राहतो की तोही थरथरतो, हे ऐकावे. हिंदी चित्रपटगीतांवर वाढलेल्या कानांना हे अवघड जाऊ नये. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन करणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा यांनी मुख्य चालीच्या मागे व्हायोलिनच्या ज्या प्रतिसुरावटी रचल्या, त्या ज्याने कान देऊन ऐकल्या आहेत, त्याला कोरसच्या मागची ही वीण लवकर सापडते. फरक एवढाच की तेथे मध्यभागी एक गायक असतो आणि येथे ती जागा मोकळी असते; चाल एका गटाकडून दुसऱ्याकडे सोपवली जाते.

हे संगीत हळू आवाजात, काम करताना ऐकायचे असते असे सगळे सांगतात. तसेही ऐकावे, परंतु ते नंतर. पहिले काही दिवस ते मोठ्याने आणि समोर बसूनच ऐकावे, नाहीतर त्यातले कष्ट कानांवर येत नाहीत.

९. डिजिटल प्रत

चांगली प्रत वारंवार वाजवण्यापेक्षा एकदा धुऊन, नव्या सुईखाली तिचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे. प्रीॲम्पमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि तेथून संगणकावर ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीत २४ बिटवर मुद्रण करावे. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी; कोरस आणि पितळी वाद्ये एकदम चढतात आणि पातळी जास्त असेल तर तो भाग फाटतो. खरखर काढणारी साधने शक्य तितकी कमी वापरावीत, कारण ती ट्रम्पेटची सुरुवात आणि कोरसची ‘स’सारखी अक्षरेही खरखर समजून खातात. मूळ मुद्रण फ्लॅक या आवाजात घट न करणाऱ्या स्वरूपात जसेच्या तसे राखावे आणि फाइलच्या नावात लेबल, क्रमांक आणि मोनो की स्टिरिओ हे लिहावे.

ही प्रत स्वतःपुरतीच ठेवावी. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, आणि चाल व शब्द यांचे हक्क त्याहून वेगळे, रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतात. अल्बम जुना आहे म्हणून इंटरनेटवर टाकायला मोकळा आहे, असे होत नाही.

१०. त्यानंतर काय घ्यावे

पहिल्या अल्बमची ओळख पक्की झाल्यावर कॉनिफ यांनी १९७४ साली मॉस्कोत, सोव्हिएत संघाच्या मेलोदिया कंपनीसाठी तेथील स्थानिक कोरस घेऊन केलेला अल्बम शोधावा. रीत तीच, पण गळे निराळे, म्हणून तुलना करायला तो फार उपयोगी आहे. त्यानंतर जेम्स लास्ट यांची १९६५ साली सुरू झालेली ‘नॉन स्टॉप डान्सिंग’ मालिका घ्यावी. तिच्यात गाण्यांचे लहान लहान तुकडे सलग जोडलेले आहेत आणि मागे मेजवानीचा गलका आहे. गाण्यांमध्ये मोकळी जागा नसल्यामुळे तिची डिजिटल प्रत करताना एकेक गाणे कापू नये. पूर्ण बाजूची एकच फाइल ठेवावी.